यंत्र माणसाविना चालेल, जबाबदारीविना नाही

गारगोटीत वकिली करताना आम्हाला एक वाक्य तोंडपाठ झाले आहे: 'सर्व्हर डाऊन आहे.' पाटगावकडून एस.टी.ने आलेली बाई दाखल्यासाठी दिवसभर खिडकीपुढे उभी राहते. तिची मजुरी बुडते. कारकुनाला विचारावे तर तो म्हणतो, 'बिघाड इथला नाही, वरचा आहे.' हे 'वर' म्हणजे कुठे? तिथे कोण बसले आहे?

'वर' म्हणजे डेटा सेंटर. हजारो संगणक रात्रंदिवस चालतात अशी इमारत. नवी मुंबईत ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात अशी केंद्रे उभी राहिली आहेत. आणि जगभर या धंद्याची धाव आता एकाच दिशेने आहे, आत माणूसच नको! तिथल्या संगणकात एक वेगळी छोटी चिप असते. संगणक बंद पडला तरी ती जागी असते आणि तिच्यामार्फत शेकडो मैलांवरून तो पुन्हा सुरू करता येतो. उष्णता, वीज, धूर यांची खबर सेन्सर देतात. म्हणजे 'वर' कोणी बसलेले असेलच असे नाही.

यंत्राला आमचा विरोध नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली स्कॉटलंडजवळ समुद्राच्या तळाशी ८६४ सर्व्हर असलेली बंद टाकी ठेवली. २०२० साली ती वर काढली, तेव्हा जमिनीवरच्या केंद्राच्या मानाने बिघाडाचे प्रमाण एक-अष्टमांश निघाले. हे मान्य केलेच पाहिजे. पण दुसरी बाजूही पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एका चुकीच्या आज्ञेने फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास जगभर बंद पडले. दुरून दुरुस्ती करण्याची वाटही त्याच बिघाडात तुटली. शेवटी इंजिनीअरांना प्रत्यक्ष केंद्रात पाठवावे लागले. संकटात धावून गेला तो माणूसच!

आता प्रश्न भाकरीचा. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना वीजशुल्क आणि मुद्रांक शुल्कात सवलती आहेत. सवलत जनतेच्या तिजोरीतून जाते. मग रोजगार कुणाला? उद्योगांत ८० टक्के स्थानिकांना घ्यावे असा शासन निर्णय आहे, पण शून्याचे ८० टक्के शून्यच. आमच्या पोरांच्या वाट्याला दारावरचा पहारा आणि झाडलोट, तीही ठेकेदाराकडे.

कायदाही इथे अपुरा पडतो. कामगार कपात होईल अशी यांत्रिक सुधारणा करायची तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती कलम ४० मध्ये आहे. परंतु जो कामगार कधी नेमलाच नाही, त्याला नोटीस कोण देणार?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांनी वीजनिर्मितीच्या धोरणाचा पाया घातला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. यंत्र आले पाहिजे आणि त्याचा लाभ कष्टकऱ्याला मिळाला पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. आज पहिला भाग तेवढा उचलला जातो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सवलत घेणाऱ्या प्रत्येक केंद्राने ठेकेदारी कामगारांसह किती माणसे नेमली, हे जाहीर करावे. हे दुरून चालवण्याचे काम आमच्या तालुक्यातील आय.टी.आय.च्या मुलामुलींना शिकवावे. कारण ते दुरूनच करायचे असेल तर गारगोटीतून का नको?

आणि बांधवांनो, एक काम आजच करा. 'सर्व्हर डाऊन' ऐकून रिकाम्या हाती परतू नका. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेसाठी अधिकारी आणि मुदत ठरलेली आहे. सबळ कारणाशिवाय सेवा दिली नाही तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, मुदत टळली की अपील करा. यंत्राजवळ माणूस नसेल. पण अर्जाला उत्तर देणारा माणूस असलाच पाहिजे!