हत्ती तिसऱ्या ओळीवर

भंडाऱ्याच्या सभागृहात बहुतेक पटांवर शाळकरी पोरं. पालकांच्या तोंडी नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव. तिने २८ जुलै २०२५ रोजी बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेही टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवून. कोपऱ्यातल्या पटावर मात्र दोघंही सत्तरीकडे झुकलेले. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, ज्येष्ठांचे पन्नास आणि पासष्ट वर्षांवरचे असे वेगळे गट करते, इथे सगळे एकाच यादीत. पांढरी मोहरी तुमसरकडच्या निवृत्त गुरुजींची, काळी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या काकाजींची.

सुरुवातीचं सांगण्यासारखं फार नाही. किल्लेकोट झाले, वजीर मारामारीत गेले. मी मागे उभा राहिलो तेव्हा दोघांकडे एकेक हत्ती उरला होता आणि गुरुजींकडे राजाच्या पट्टीतलं एक प्यादं जास्त, पाचव्या घरात. एक प्यादं जास्त म्हणजे जिंकलंच, असं पोरांना वाटतं. पण फ्रेंच खेळाडू फिलिडोरने आपल्या पुस्तकाच्या १७७७ च्या आवृत्तीत यावरचा बचाव मांडून ठेवला आहे. काकाजींचा राजा प्याद्याच्या वाटेत बसलेला. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. त्या ओळीमुळे पांढऱ्या राजाला पुढे सरकताच येत नाही. काही न करणं हेच इथलं काम, आणि पटावर तेच सगळ्यात अवघड.

प्रत्येक चालीमागे घड्याळात तीस सेकंद वाढतात, म्हणून वेळ संपत आली तरी चाल लिहावीच लागते. गुरुजींचा हात थरथरत होता, अक्षर तेवढं शाळेतल्या फळ्यावरचं. काकाजींनी चाल करून, घड्याळ दाबण्याआधी बरोबरी विचारली. गुरुजींनी मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

शेवटी गुरुजींनी प्यादं सहाव्या घरात ढकललं. काकाजींनी हत्ती उचलला तो थेट पटाच्या पार टोकाला नेला. आता मागून शह. राजाला लपायला जी जागा होती, तिथे त्याचंच प्यादं येऊन बसलेलं. शह, शह, पुन्हा शह. गुरुजींनी हात पुढे केला.

सह्या झाल्या, आणि दोघं लगेच बाहेरच्या पटावर तोच डाव मांडून बसले.

"काहून ढकललं जी मी ते प्यादं?"

"नसतं ढकललं तरी बरोबरीच होती, गुरुजी."

"मग आधीच मागायची न!"

"दोनदा मागितली न जी. तुम्हीच नाही म्हणाले."