जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आणि लेबलावर नसलेली नावे : खानदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात स्थापन झाले. वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली दप्तरे ही इतिहासाची साधने आहेत, हे राजवाड्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले. ज्या काळात धुळ्यात जुन्या कागदांची जपणूक सुरू झाली, त्याच काळात खानदेशातील सधन घरांत एक वेगळेच साधन येऊन दाखल होत होते. ते म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. कागदाला जे भाग्य लाभले ते तबकडीला लाभले नाही. ती करमणुकीची वस्तू मानली गेली, आणि रेडिओ, कॅसेट व सीडी येताच अडगळ होऊन भंगारात गेली. जी उरली ती हौशी संग्राहकांमुळे. परंतु तबकडी वाचली म्हणजे ती वाजविणारे कलावंतही स्मरणात राहिले, असे होत नाही. या दोहोंतील अंतराचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जळगावचे उदाहरण

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८-१९६७), यांचे बालपणीचे गायनशिक्षण जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. जळगावात आजही बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. त्यांच्या नाट्यपदांच्या तबकड्या खानदेशातील संग्राहकांना प्राणप्रिय आहेत, यात नवल नाही. या तबकडीचे लेबल लक्षपूर्वक वाचले, तर त्यावर गायकाचे नाव, पदाचे आरंभीचे शब्द, नाटकाचे नाव व क्वचित राग एवढेच आढळते. गुरूचे नाव छापण्याची रीत नव्हतीच. त्यामुळे ज्या मेहबूबखाँनी जळगावात या गळ्याला पहिले वळण दिले, त्यांचा मागमूस तबकडीवर नाही.

साथीदारांची स्थितीही तीच. गंधर्व नाटक मंडळीत (स्थापना १९१३) तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते. पुढे थिरकवाँचे नाव देशभर गाजले, म्हणून त्यांची आठवण तरी राहिली. पण एखादी विशिष्ट तबकडी हाती घेऊन 'यात तबला कोणाचा?' असे विचारले असता लेबल मौन पाळते. मग ध्वनिमुद्रणाचा काळ, कंपनीतील वादकांचा काळ आणि जाणकाराचा कान यांचा मेळ घालून अनुमान करावे लागते. ज्यांना नंतर कीर्ती लाभली नाही अशा ऑर्गनवादकांचे, सारंगियांचे व तबलजींचे काय झाले असेल, याची कल्पना यावरून यावी.

याहूनही एक कठोर मर्यादा आहे. तबकडी ज्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, त्यांचा आवाज कोणताही संग्राहक मिळवू शकत नाही. भारतातील पहिले मोठे ध्वनिमुद्रण फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ च्या अखेरीस कोलकात्यात केले. मराठी रंगभूमी आपल्या गळ्याने गाजविणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच निवर्तले होते. 'स्वयंवर' नाटकाला चाली देणारे व बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत हयात होते, तरी त्यांची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या तबकड्यांतून अप्रत्यक्षपणेच ऐकावी लागते. म्हणजे शिष्याची तबकडी हे गुरूविषयीचेही साधन ठरते. मात्र तो गुरू कोण, याची नोंद संग्राहकाने केली असेल तरच.

तबकडीचे वाचन

जुनी तबकडी दोन मुख्य प्रकारांत मोडते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावते. विस्ताराने गाणाऱ्या गवयाला ख्याल या तीन मिनिटांत आटोपावा लागे, हे विसरून जुन्या गायकीविषयी मत बनविणे अन्यायाचे होईल. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यासमोर ओरडून होई. मायक्रोफोनचा वापर त्यानंतरचा. विनाइलच्या तबकड्या पुढच्या पिढीतील: ३३⅓ फेऱ्यांची एलपी (१९४८ पासून) आणि ४५ फेऱ्यांची लहान तबकडी.

लेबलाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे लेबलालगतच्या कोऱ्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. लेबलावरील क्रमांक विक्रीचा असतो, तर हा क्रमांक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तेच पद त्याच गायकाने पुन्हा गायिले असल्यास भेद येथेच कळतो. अगदी आरंभीच्या काही तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारीत असे. गौहर जान यांची इंग्रजी घोषणा प्रसिद्धच आहे. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात असल्याने तेथील तंत्रज्ञांना ओळख पटावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. साथीदाराला मात्र ती संधीही मिळाली नाही.

एलपीमुळे ही परिस्थिती काहीशी सुधारली. शास्त्रीय संगीताच्या एलपीच्या वेष्टनावर पाठीमागे तबला, हार्मोनियम, तानपुरा यांवरील कलावंतांची नावे पुष्कळदा असत. दुर्दैव असे की, फाटके वेष्टन फेकून तबकडी साध्या कागदात गुंडाळण्याची सवय अनेकांना असते. त्या फाटक्या पुठ्ठ्याबरोबर तीन-चार नावे कायमची जातात!

बहिणाबाई आणि ध्वनिमुद्रिका

खानदेशचा स्वतःचा आवाज तबकडीवर उशिरा आला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये ग्रंथरूप झाल्या. १९६१ च्या 'मानिनी' या अनंत माने दिग्दर्शित चित्रपटात त्यांतील काही रचना वसंत पवार यांच्या संगीतात सुमन कल्याणपूर यांनी गायिल्या आणि जळगावकडील शेतकरी स्त्रीची बोली महाराष्ट्रभर पोहोचली. या ध्वनिमुद्रणांमुळे कवयित्री व गायिका दोघीही स्मरणात राहिल्या. वसंत पवार १९६५ मध्ये निवर्तले. गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे नाव सांगता येते, हा प्रश्न खानदेशातील मराठीच्या वर्गातही विचारून पाहण्यासारखा आहे. अहिराणी गीतांना व्यापक बाजार लाभला तो त्याही नंतर, कॅसेटच्या काळात. त्यामुळे ओव्या व लग्नगीते गाणाऱ्या स्त्रियांचा जुना स्वर तबकड्यांच्या संग्रहात शोधणे बहुधा व्यर्थ ठरते.

जतन आणि नोंद

भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा हवेत पत्र्याच्या छपराखालील माळा हा तबकडीचा शत्रू होय. विनाइल वाकते, लाखेची तबकडीही उष्णतेने बिघडते आणि पडली तर फुटते. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. ७८ ची खाच रुंद असल्याने तिला सुमारे तीन सहस्रांश इंचाची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते.

ध्वनीचे संगणकीय रूपांतर आता अवघड राहिलेले नाही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून संग्राहकांना एकत्र आणले. कायद्याच्या दृष्टीने भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत व स्वररचना यांचा हक्क मात्र सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांपर्यंत असतो. संग्रह खुला करताना हा भेद पाहावा लागतो.

यंत्राला जे जमत नाही ते नोंदीचे काम. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या श्रोत्याला तबकडी ऐकवून 'पेटी कोणाची असावी?' असे विचारणे, त्याचे उत्तर त्याच्या नावानिशी लिहून ठेवणे आणि ते अनुमान आहे की प्रत्यक्ष माहिती हे स्पष्ट करणे, हे महाविद्यालयाच्या संगीत, इतिहास वा मराठी विभागाला सहज शक्य आहे. राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या जिल्ह्याला ही शिस्त नवी नाही. नोंदीत कागदी पाकिटावरील मजकूरही यावा. पुष्कळ जुन्या पाकिटांवर विक्रेत्याचा शिक्का, खरेदीची तारीख किंवा पहिल्या मालकाची सही असते. कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणाचे गाणे विकत घेतले गेले, हे सांगणारा दुसरा पुरावा बहुतेक वेळा उपलब्ध नसतो.