ड्रॉइंग सांभाळा, ऑर्डर टिकेल

शिरूर-दौंड म्हटले की ऊस, कांदा आणि डाळिंब डोळ्यांपुढे येते. पण रांजणगाव आणि कुरकुंभला एमआयडीसी आली, तसे चित्र बदलले. एक भाऊ शेतात, तर दुसरा शेड टाकून लेथवर, व्हीएमसीवर जॉब वर्क करतोय, अशी घरे आता पुष्कळ आहेत. खडकी आणि देहूरोडच्या आयुध निर्माणी आपल्याच जिल्ह्यात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून ७ सरकारी कंपन्या झाल्या. त्यातील म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालयही पुण्यातच आहे. तेव्हा संरक्षण खात्याच्या सुट्या भागांचे काम आपल्यालाही मिळावे, असे तरुणांना वाटणारच.

परंतु या कामात नुसता माल चांगला असून भागत नाही. पार्टीने दिलेले ड्रॉइंग आपल्याकडे सुरक्षित आहे, हे दाखवावे लागते. चोर कधी वाड्याच्या दिंडी दरवाजाने येत नाही, तो परड्यातून येतो. मोठ्या कंपनीचे संगणक राखायला माणसे असतात. आपल्याकडे ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवर येते आणि त्याच संगणकावर पोरे सिनेमा बघतात. परडे म्हणतात ते हेच!

परवानाधारक संरक्षण उद्योगांसाठी केंद्राने २०१४ मध्ये सुरक्षा नियमावली काढली. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो, आणि संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा सीएमएमसी नियमही १० नोव्हेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने ठेक्यांत येत आहे. त्यांच्या कामाची माहिती हाताळणारा पोटठेकेदार परदेशातला असला तरी सुटत नाही. पहिल्या पातळीला १५ अटी, दुसऱ्या पातळीला ११०.

आकडे ऐकून घाबरू नये. निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीची वही लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदार पार मेटाकुटीला आला. तेव्हापासून औषध कोणते, किती, कधी मारले याची नोंद किती मोलाची ते कळले. इथेही तेच. लिहिले नाही, तर केले नाही असेच तपासणारा धरतो.

सुरुवात अशी करावी :

१) ड्रॉइंगसाठी संगणक वेगळा ठेवावा. त्यावर घरची, करमणुकीची कामे नकोत.

२) प्रत्येक कामगाराला स्वतःचे नाव व पासवर्ड द्यावा. काम सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा.

३) अस्सल सॉफ्टवेअरच वापरावे. अँटिव्हायरस व सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात.

४) बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देऊ नये. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी डिस्क पुसावी वा फोडावी.

५) शेडमध्ये येणाऱ्या पाहुण्याची नोंद करावी, त्याला एकटे फिरू देऊ नये.

६) फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कुलपात ठेवावी.

यातील बहुतेक कामांना पैशापेक्षा शिस्त जास्त लागते. मात्र ऑर्डर घेण्याआधी पार्टीला लेखी विचारावे : कोणता नियम, कोणती पातळी, तपासणी कोण करणार? खर्च धरूनच दर द्यावा. नाहीतर व्हीएमसीचे कर्ज अंगावर आणि काम दुसऱ्याकडे, अशी गत व्हायची.

शेवटचे आणि महत्त्वाचे. सीएमएमसीच्या पहिल्या पातळीला दरवर्षी आपणच तपासून लेखी हमी द्यायची असते. 'कोण बघतंय' म्हणून खोटी सही करू नये. बोगस बियाणे पेरणीला कळत नाही, पण उगवणीला कळतेच. एकदा नाव गेले की पार्टी परत दारात येत नाही. वही आजच घाला आणि पहिली नोंद आपल्या हाताने करा.