चटणीचा कालनिर्णय
मावळांतील एका समजुतीच्या निमित्तानें

चटणी हा विषय इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत येण्याजोगा आहे काय, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना सनद, महजर, निवाडपत्र, वंशावळ एवढें वेगळें काढावयाचें आणि सामानाच्या यादी, शिध्याचे कागद, घरखर्चाच्या वह्या पुन्हा बांधून माळ्यावर टाकावयाच्या, ही आम्हां संग्राहकांची जुनी खोड आहे. कित्येकदां ते कागद माळ्यावरहि जात नाहींत, रद्दींत जातात. त्या कागदांचें मोल काय, हें एका लहानशा उदाहरणानें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मावळांत फिरतांना एक विधान आम्हीं वारंवार ऐकलें आहे. शिवकालीन मावळ्यांच्या शिदोरींत नाचणीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असे, असें तें विधान. लोहगड-विसापूर पाहावयास आलेल्या मंडळींस तें सांगितलें जातें, व्याख्यानांतून तें येतें, आणि ऐकणारास तें इतकें स्वाभाविक वाटतें कीं त्यास पुरावा कोणी मागत नाहीं. भाकरीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई पिकविणें ही ह्या प्रदेशाची जुनी रीत आहे. प्रश्न ठेच्याचा आहे.

प्रथम नांवें पाहूं. ह्या वर्गांतील पदार्थांचीं मराठी नांवें बहुधा कृतीवरून पडलेलीं आहेत. चाटणें यावरून चटणी, ठेचणें यावरून ठेचा, खरडणें यावरून खरडा, आणि मेथ्या व डाळी भाजून कुटल्या म्हणजे मेतकूट. नांव उच्चारतांच हत्यार डोळ्यांपुढें येतें: पाटा-वरवंटा, उखळ, खल, किंवा तव्यावरच तांब्याच्या बुडानें रगडणें. सह्याद्रीचा काळा पाषाण पाट्यास उत्तम. तो गुळगुळीत झाला म्हणजे पाथरवटाकडून त्यास टाकी लावून घेत. रायतें हा शब्द मात्र घटकावरून आला आहे. राजिका म्हणजे मोहरी. तिनें माखलेलें तें रायतें. म्हणून मोहरी न फेसतां केलेल्या दह्यांतील कोशिंबिरीस रायतें म्हणणें हा मागाहूनचा सैलपणा होय.

संस्कृत ग्रंथकारांनीं अन्नाचे भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य असे चार प्रकार मानिले. चटणी ही उघडच लेह्यांतली. चरक-सुश्रुतांच्या संहितांत रागषाडव म्हणून जे पदार्थ येतात, ते तिखट, आंबट, गोड व खारट अशा मिश्र रुचीचे आहेत, आणि आजच्या चटणी-पंचामृताशीं त्यांचें नातें लावतां येतें. मराठी पानावर ह्या पदार्थांची जागा ठरलेली आहे. मीठ वरच्या बाजूस मध्यें, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें, उजवीकडे भाज्या. 'डावी बाजू' एवढें म्हटलें कीं अर्थ कळतो. तात्पर्य, पदार्थाची जात, त्याची कृति आणि पानावरील त्याचें स्थान हीं तिन्ही जुनीं आहेत. मात्र तेवढ्यावरून त्याचे घटकहि जुने ठरत नाहींत. वरील समजुतींतला सारा घोटाळा येथेंच होतो.

घटकांचा पुरावा घ्यावयाचा तर कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास हा ग्रंथ पहिला हातीं घ्यावा. त्याचा काळ इ. स. ११२९ (शके १०५१) च्या सुमाराचा असून श्री. गो. कृ. श्रीगोंदेकर यांनीं तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत संपादिला आहे. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत पदार्थ पुष्कळ, आणि मसालेहि पुष्कळ: मिरें, आलें, हिंग, जिरें, मोहरी, सैंधव. तिखटपणासाठीं ग्रंथकार मिऱ्याकडे, आल्याकडे आणि मोहरीकडेच वळतो. मिरचीचें नांवहि त्यांत नाहीं, आणि तें असणें शक्यहि नव्हतें. मिरची ही मूळची अमेरिकेची. कोलंबसाची सफर इ. स. १४९२ ची, वास्को द गामा कालिकतास आला तो १४९८ त, आणि पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें १५१० त. मिरची आपल्याकडे आली ती ह्या वाटेनें. मुंबईकडे 'गोवाई मिरची' असें तिचें एक नांव प्रचारांत होतें, त्यांतहि ह्या वाटेची खूण राहिली आहे. तथापि ती गोव्यास उतरली म्हणजे लागलीच सर्वत्र पसरली असें नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आईन-इ-अकबरींत मुदपाकखान्याचे पदार्थ आणि जिनसांचे भाव तपशीलवार दिले आहेत. तेथेंहि तिखट म्हणून येतें तें मिरें.

येथें दोन्ही बाजूंनीं सावधगिरी हवी. आईन हा उत्तरेकडील दरबाराचा ग्रंथ. गोव्याच्या शेजारच्या कोंकणाला आणि त्या वरच्या मावळाला तो जसाचा तसा लावतां येणार नाहीं. दुसरें असें कीं, संस्कृत संग्रहग्रंथांचें मौन हाहि पुरावा जपून घ्यावा लागतो. रघुनाथ गणेश नवहस्त यांचें भोजनकुतूहल सतराव्या शतकाच्या शेवटच्या पादांतलें, असा निर्णय परशुराम कृष्ण गोडे यांनीं केला आहे. परंतु असे ग्रंथ पूर्वसूरींचीं वचनें एकत्र करून रचलेले असतात. स्वयंपाकघर बदललें तरी वचनें बदलत नाहींत. म्हणून ग्रंथापेक्षां तारखेची यादी अधिक बोलकी असते. आणि तीच आम्ही रद्दींत टाकतों!

मावळाची भूमि ह्या प्रश्नास विशेष अनुकूल आहे, कारण हा प्रदेश देश आणि कोंकण यांच्या सांध्यावर बसलेला आहे. बोरघाट, कुरवंड्याचा घाट ह्यांसारख्या वाटांनीं कोंकणचें मीठ, नारळ आणि आमसुलें वर येत. कुरवंड्याची वाट उतरून गेलेल्या कारतलबखानाच्या फौजेची उंबरखिंडींत कोंडी झाली ती इ. स. १६६१ त. म्हणजे ज्या वाटा चटणीच्या, त्याच लढायांच्या. इ. स. १७७९ च्या जानेवारींत वडगांवीं इंग्रजांवर नामुष्कीचा तह करण्याची पाळी आली, तिला मराठ्यांनीं दाणा-वैरण जाळून मुलूख उजाड केला हेंहि एक मोठें कारण होतें. ज्या प्रदेशांत मोहिमेचा निकाल शिध्यानें लागला, तेथील शिध्याचे कागद क्षुल्लक कसे मानावे? पुढें बोरघाटांतला गाडीरस्ता १८३० त खुला झाला, १८६३ त आगगाडी घाट चढून आली, आणि जिनसांची ये-जा पार बदलली. ह्या दोन सालांच्या अलीकडची आणि पलीकडची यादी शेजारीं ठेवून वाचणें हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

स्थानिक जिनसांत आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें कारळें, ज्यास कोठें कोठें खुरासणी म्हणतात. नाचणी-वरईच्या जोडीनें डोंगरउतारावर होणारें हें काळें तेलबी भाजून, मीठ-लसूण घालून कुटलें म्हणजे कोरडी चटणी होते. ती दिवसचे दिवस टिकते आणि प्रवासांत सांडत नाहीं. शिदोरीस योग्य असा पदार्थ शोधावयाचा तर तो हा. आज तींत लाल मिरची असते; पण मिरची वगळली तरी चटणी उभी राहते. हिरव्या मिरचीच्या ठेच्यांतून मिरची वगळली तर मागें कांहींच उरत नाहीं. हा भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे.

घरांतल्या आचारांचा पुरावा म्हणून उपयोग करावा काय, असेंहि विचारलें जातें. श्राद्धाच्या स्वयंपाकांत आमसुलाची चटणी असते, आणि पुष्कळ घरांत त्या दिवशीं मिरचीऐवजीं मिरें वापरतात. येथें विधीनें जुना पाक जपला असें म्हणतां येईल. पण उपासाचें पान पाहा: शेंगदाणे, बटाटा, साबूदाणा, हिरवी मिरची. चारांचेंहि मूळ अमेरिकेंत. आणि हळद-मोहरी मात्र वर्ज्य! एका आचारानें जुनें राखलें, दुसऱ्यानें नवें पावन करून घेतलें. यावरून निष्कर्ष एवढाच कीं, 'आमच्याकडे पूर्वापार असेंच आहे' हें वाक्य साक्ष म्हणून नोंदवावें, निर्णय म्हणून नव्हे.

हस्तलिखित बाड किंवा वही हातीं आली असतां तिचा काळ अजमावण्यासाठीं पुढील गमकें उपयोगीं पडतील.

(१) मिरें कीं मिरची. संस्कृत मरिच यापासूनच दोन्ही शब्द निघाले. नव्या फळास जुन्याचें नांव चिकटलें. म्हणून मोडी लिप्यंतर करितांना 'मिरे' हा शब्द आजच्या संवयीनें 'मिरची' असा वाचूं नये आणि सुधारूंहि नये. 'काळीं' हें विशेषण मिरची रुळल्यावर अधिक गरजेचें झालें असावें. पण पांढरें मिरेंहि असल्यामुळें हें गमक एकटें पुरेसें नाहीं.

(२) वजन. दुरून येणारें महाग मिरें आणि परसांत होणारी मिरची एकाच मापानें घेतलीं जात नाहींत. शब्द संदिग्ध असेल तेथें पुढचा आंकडा पाहावा; तोळा, छटाक, नवटांक एवढ्यावर भागलें आहे कीं शेरांनीं आणि मणांनीं खरेदी आहे, यावरून पुष्कळ कळतें.

(३) दाणे. आज 'दाण्याचें कूट' म्हणतांच भुईमूग मनांत येतो. जुन्या कागदांतला 'दाणा' हा धान्य, अथवा घोड्याचा चंदी-दाणा होय. भुईमूग हाहि अमेरिकेहूनच आलेला. शेंगदाण्याची चटणी शिवकालांत नेणारा लेखक बहुधा ह्या एका शब्दानें फसलेला असतो.

(४) टोमॅटो. ह्यास पूर्वीं बेलवांगें म्हणत. यादींतल्या वांग्याशीं त्याची गल्लत करूं नये. टोमॅटोची कोशिंबीर किंवा चटणी ज्या वहींत सहज येते, ती वही बरीच अलीकडची समजावी.

(५) छापील ग्रंथांशीं ताडा. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणीमित्र (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांची रुचिरा (१९७०) हे तीन टप्पे हाताशीं असावेत. पुष्कळ 'जुन्या' वह्या ह्यांपैकीं एकाच्या नकला निघतात. तसें असेल तर नक्कल कोणत्या ग्रंथाची हें कळलें कीं काळाची वरची मर्यादा आपोआप ठरते.

हीं गमकें लावून मूळ विधानाकडे वळूं. मावळ्याच्या शिदोरींत भाकरीबरोबर तोंडीं लावावयास कांहीं वाटलेलें, कुटलेलें तिखट-खारट असे, हें कृति, शब्द व प्रदेश पाहतां मानण्यास हरकत नाहीं. सतराव्या शतकांत मिरची दख्खनच्या पश्चिम किनाऱ्यास अपरिचित नव्हती, हेंहि गोव्याचा शेजार पाहतां संभवनीय आहे. परंतु 'हिरव्या मिरचीचा ठेचा' हें नेमकें विधान त्या काळाच्या तारखेच्या कागदावांचून इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहीं. तोंपर्यंत कारळ्याच्या चटणीचा हक्क अधिक बलवत्तर आहे, असें आमचें मत आहे. यांत मावळ्यांचें कांहींच उणें होत नाहीं. उलट, जे त्यांच्या मातींत पिकलें आणि आज विस्मरणांत चाललें, त्याकडे आपलें लक्ष जातें.

आणि तें विस्मरणांत चाललें आहे खरेंच. पावसाळ्यांत लोणावळ्यास येणारा प्रवासी भाजलेल्या कणसावर लिंबू, मीठ आणि तिखट चोळून घेतो, कांदाभजीबरोबर तळलेली मिरची खातो, वडापावांतल्या लसणीच्या चटणीची वाखाणणी करितो. कारळें त्यास ठाऊकहि नसतें. पाट्याची जागा विजेच्या यंत्रानें घेतली, आणि टाकी लावणाऱ्याची हांक आतां क्वचित् ऐकूं येते. ज्या वृद्ध स्त्रियांस खरडा आणि ठेचा यांतला भेद हाताला ठाऊक आहे, त्यांच्या तोंडून तो लिहून घेण्यास फार वर्षें उरलेलीं नाहींत.

ना. गो. चापेकर यांनीं पेशवाईच्या सावलींत (१९३७) ह्या ग्रंथांत जमाखर्चाच्या कागदांतून लोकजीवन कसें उभें राहतें, हें दाखवून दिलें आहे. मार्ग घालून दिलेला आहे. कागद मात्र दरवर्षीं कमी होत आहेत. म्हणून मावळांतील आणि इतरत्रच्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सामानाची यादी, लग्नमुंजीच्या शिध्याचा हिशेब, वाण्याची वही यांपैकीं कांहींहि हातीं आल्यास तें रुमालांतून वेगळें काढूं नये. गांव, घर आणि तारीख यांची चिठ्ठी जोडून तें जसेंच्या तसें ठेवावें. ठेच्याचा वाद निकालांत काढणारा कागद अशाच एखाद्या रुमालांत, निवाडपत्राखालीं दडपलेला असण्याचा संभव आहे.