‘शहर सोडा’ म्हटले. पण आईला न्यायचे कसे?

२६ जुलै २००५ ची रात्र मुंबईतल्या वस्त्यांनी जागून काढली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, फोन बंद, वीज बंद. कामावर गेलेला बाप, शाळेत गेलेले पोर, चार घरची धुणीभांडी करायला गेलेली आई, कोण कुठे अडकले याचा पत्ता लागेना. ज्यांनी ती रात्र दारात उभे राहून काढली त्यांना घरच्या माणसाची काळजी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या पावसाने सावध व्हायलाही वेळ दिला नव्हता.

त्यानंतर जेमतेम महिन्याभराने अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर कॅटरिना नावाचे चक्रीवादळ आले. तेथे मात्र वादळ येणार हे तीन दिवस आधी कळले होते. उपग्रह होते, विमाने होती, दर काही तासांनी बुलेटिन निघत होते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले ते शहर. तरीही हजारो माणसे मागे राहिली आणि त्यांची लेकरे, भावंडे दूरच्या शहरांत टीव्हीसमोर बसून पाणी चढताना पाहत राहिली. असे का झाले, हा प्रश्न आजही विचारला पाहिजे. कारण त्याचे उत्तर हवामानशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

घटनाक्रम सरळ आहे. २३ ऑगस्टला बहामा बेटांजवळ हे वादळ तयार झाले. २५ तारखेला ते फ्लोरिडावरून गेले आणि मेक्सिकोच्या आखातातल्या गरम पाण्यावर पोसले गेले. शुक्रवारी, २६ तारखेला, त्याचा रोख लुईझियाना आणि मिसिसिपी राज्यांच्या किनाऱ्याकडे असल्याचे स्पष्ट झाले. रविवारी सकाळी ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचले. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटर. त्याच सकाळी महापौर रे नेगिन यांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश दिला. सोमवारी, २९ ऑगस्टच्या पहाटे वादळ किनाऱ्यावर धडकले. म्हणजे आदेशानंतर हातात एक दिवसही नव्हता.

ज्यांच्याकडे गाडी होती ते निघाले. महामार्गाच्या दोन्ही बाजू शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या केल्या होत्या. न्यू ऑर्लिन्स आणि आसपासच्या परिसरातून दहा लाखांच्या घरात माणसे बाहेर पडली. कुणी ह्यूस्टनला हॉटेलात, कुणी बॅटन रूजला नातेवाइकांकडे. शासनाची सारी योजना गाडी असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती आणि गाडी असलेल्या माणसाच्या बाबतीत ती यशस्वी झाली.

पण न्यू ऑर्लिन्समध्ये राहत होते कोण? २००० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ४ लाख ८४ हजार. त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. चारातले एकाहून अधिक माणूस दारिद्र्यरेषेखाली. चारातल्या एका घराकडे गाडी नाही, आणि गाडी नसलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय तारीख कोणती? २८. सरकारी मदतीचा धनादेश तेव्हा महिन्याच्या सुरुवातीला येत असे. महिनाअखेरीला खिशात पेट्रोलपुरतेही पैसे नसतात, हॉटेल तर दूरच. आपल्याकडे २८ तारखेला चाळीत कुणाकडे किती पैसे असतात हे आठवून पाहा, म्हणजे सारे लक्षात येईल.

शहराच्या बस त्या रविवारी धावल्या. पण त्या शहराबाहेर गेल्या नाहीत. ठरलेल्या ठिकाणांहून माणसे उचलून त्यांनी ती शहरातल्याच सुपरडोम या क्रीडागृहात नेऊन सोडली. शाळांच्या शेकडो बस आगारात उभ्या राहिल्या. पुढे त्याच बस खिडक्यांपर्यंत पाण्यात बुडालेल्या साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिल्या.

त्या शनिवार-रविवारी हजारो घरांत फोनवर एकच बोलणे चालले असणार. ह्यूस्टनची मुलगी म्हणते, आई, आत्ताच्या आत्ता निघ. आई म्हणते, कशाने निघू? आणि तुझ्या आजीला घेऊन कशी निघू? तिचे प्राणवायूचे यंत्र, तिची औषधे, दहा-बारा तासांची वाहतूक कोंडी. मग आई दोन गोष्टी सांगते. आजवर किती वादळे आली आणि गेली. आणि माळ्यावर कुऱ्हाड ठेवली आहे.

ही कुऱ्हाड समजून घेतली पाहिजे. सप्टेंबर १९६५ मध्ये बेट्सी वादळ आले तेव्हा लोअर नाइन्थ वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची वस्ती पाण्याखाली गेली होती. पाणी वाढले तसे लोक माळ्यावर चढले आणि छत फोडता न आल्याने काही तिथेच बुडाले. तेव्हापासून त्या भागातली जुनी माणसे माळ्यावर कुऱ्हाड ठेवू लागली. बोटी येतील, सैनिक येतील असे त्यांनी गृहीत धरले नव्हते. छत आपल्यालाच फोडावे लागणार, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्याहीआधी, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात, शहर वाचवण्यासाठी खालच्या अंगाचा तटबंध सुरुंगाने उडवण्यात आला आणि तिथल्या गरिबांची घरे बुडवण्यात आली. हे कुणी अफवा म्हणून सांगत नव्हते, ते इतिहासात नोंदलेले आहे. ज्या समाजाने हे सोसले तो सरकारी सूचनेकडे जरा थांबून पाहतो, यात नवल काय?

तरीही दोष त्यांच्यावरच आला. अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे तेव्हाचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांनी १ सप्टेंबरला, पाण्यात प्रेते तरंगत असताना, बळींची संख्या वाढण्याचे कारण सांगितले: लोकांनी पूर्वसूचना मानली नाही! आपल्याला हा सूर परका नाही. झोपडी नाल्यावर का बांधली, पोरे का शिकवली नाहीत, रुग्णालयात उशिरा का आणले? व्यवस्थेने ज्याचा रस्ता बंद केला त्यालाच विचारायचे, तू चालला का नाहीस?

सप्टेंबर २००५ मध्ये ह्यूस्टनच्या छावण्यांतल्या लोकांची वॉशिंग्टन पोस्ट वृत्तपत्र, कायझर फाउंडेशन आणि हार्वर्ड विद्यापीठ यांनी मिळून पाहणी केली. तुम्ही वादळाआधी का निघाला नाहीत, असे विचारले. निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितले, जायला गाडी किंवा दुसरे साधन नव्हते. आणि जवळपास चौथ्या हिश्शाने सांगितले की घरात असे कोणी होते ज्याला हलवता येत नव्हते, आणि त्याला सोडून जाणे आम्हाला जमले नाही. ज्यांना बेपर्वा, हट्टी म्हटले गेले त्यांच्यातला मोठा वर्ग आपल्या म्हाताऱ्या, आजारी माणसासाठी थांबला होता. ही बेपर्वाई असेल तर माणुसकी कशाला म्हणायचे?

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. वादळाचा मध्य शहराच्या पूर्वेकडून गेला. शहर बुडाले ते तटबंध फुटल्यामुळे. पन्नासहून अधिक ठिकाणी तटबंध आणि कालव्यांच्या भिंती फुटल्या. काही भिंती पाणी वरून ओसंडण्याआधीच सरकल्या, कारण त्यांच्या आराखड्यातच चुका होत्या. ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. बळींचा आकडा अनेक वर्षे १,८०० च्या वर सांगितला जात होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या हरिकेन केंद्राने तो सुधारून १,३९२ केला. लुईझियानातल्या बळींचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की त्यांतले जवळपास निम्मे ७५ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. म्हणजे ज्या आजीसाठी घर थांबले होते, तीच आजी.

मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी शहरात एक कृष्णवर्णीय गृहस्थ दोन मुलांना घेऊन रस्त्यावर भटकताना टीव्हीच्या बातमीदाराला भेटला. घर दुभंगले, तो पत्नीचा हात घट्ट धरून होता. तूच मला धरून ठेवू शकणार नाहीस, मुलांना आणि नातवंडांना सांभाळ, असे म्हणत ती वाहून गेली. विचारणारी बातमीदारही रडली. न्यू ऑर्लिन्सच्या कन्व्हेन्शन सेंटरबाहेर नव्वदी ओलांडलेली एक आई व्हीलचेअरवरच वारली. बसची वाट पाहत मुलगा तिच्याजवळ बसून होता. अखेर बस आली तेव्हा आईचा देह मागे ठेवूनच त्याला चढावे लागले. जाताना त्याने तिच्याजवळ आपल्या नावाची चिठ्ठी ठेवली. त्या मुलाला ‘तू आधीच का निघाला नाहीस’ असे विचारण्याची हिंमत कुणाला आहे?

पाणी ओसरल्यावरही काळजी संपली नाही. वाचलेल्यांना बसमध्ये, विमानांत बसवले आणि कुठे नेत आहोत हेही अनेकांना सांगितले नाही. आई एका राज्यात, मूल दुसऱ्या राज्यात. कॅटरिना आणि त्यापाठोपाठ आलेल्या रिटा वादळानंतर हरवलेल्या किंवा ताटातूट झालेल्या ५,१९२ मुलांची नोंद झाली. त्यातले शेवटचे मूल आपल्या कुटुंबाला भेटले ते मार्च २००६ मध्ये. गुलामांच्या बाजारात ज्यांच्या पूर्वजांची लेकरे आयांपासून तोडून विकली गेली, त्या समाजाने हे सोसले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे आपण का मांडतो, असे कुणी विचारील. उत्तर साधे आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव कुठून घेतले हेही सर्वांना माहीत आहे. जात आणि वर्ण एक नव्हेत. पण संकट आले की कोणाला आधी हलवायचे आणि कोणाला शेवटी, हे ठरवणारी नजर दोन्हीकडे ओळखीची आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्यात मदत छावण्यांतून दलितांना वेगळे काढले गेले, पाण्याला हात लावू दिला नाही, याच्या नोंदी झाल्या आहेत. लाट सर्वांना समान बुडवून गेली. छावणीने मात्र जात विचारली.

यावर उपाय नाही, असे कुणी म्हणू नये. क्यूबा हा गरीब देश. २००४ मध्ये आयव्हन वादळ आले तेव्हा त्याने लाखो माणसे हलवली आणि तिथे एकही बळी गेला नाही. कुठल्या घरात कोण म्हातारे, कोण गरोदर, कोण अंथरुणाला खिळलेले, हे तिथल्या वस्तीतल्या डॉक्टरला आणि कार्यकर्त्याला आधीच माहीत असते. आपल्या ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा सरकारने दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच निवाऱ्यांत नेले आणि बळींचा आकडा काही डझनांवर थांबला. खुद्द न्यू ऑर्लिन्सनेही धडा घेतला. २००८ च्या गुस्ताव्ह वादळात गाडी नसलेल्या हजारो लोकांना बस आणि रेल्वेने शहराबाहेर नेण्यात आले. तीन वर्षांपूर्वी जे अशक्य सांगितले जात होते ते शक्य झाले.

मात्र धडा एकदा घेतला की कायमचा राहतो, असेही नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्याच तारखेला, आयडा वादळ आले. ते इतके झपाट्याने वाढले की शहर रिकामे करायला वेळच उरला नाही. अब्जावधी डॉलर खर्चून उभारलेले नवे तटबंध टिकले, पण साऱ्या शहराची वीज गेली आणि पुढच्या दिवसांत उकाड्याने माणसे मेली. त्यांत बंद खोल्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसे होती. भिंत बांधली, पण आजीच्या दारावर कोण थाप मारणार, हे ठरलेच नव्हते.

आता हे आपल्या दाराशी आले आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, पुढच्या वर्षी तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. पुढचे वादळ येईल तेव्हा मोबाइलवर संदेश येईल: सुरक्षित स्थळी जा. तो संदेश बंगल्यात येईल तसाच झोपडीतही येईल. संदेश समान वाटल्याने समता येत नाही.

म्हणून आपल्या विहारांनी, मंडळांनी, महिला संघांनी एक काम आजच करावे. वस्तीतल्या प्रत्येक घराची यादी करावी. कोण चालू शकत नाही, कोणाला रोज औषध लागते, कोण गरोदर आहे, कोण एकटे राहते, कोणाचा मुलगा परगावी आहे आणि त्याचा फोन नंबर काय. ती यादी घेऊन तहसीलदारांकडे, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जावे आणि लेखी विचारावे: यांना न्यायला गाडी कोणती, ती कुठे उभी राहील, निवारा कोणता, तिथे सर्वांना एकच पाणी मिळेल ना? उत्तर लेखी घ्यावे. ही भीक नव्हे. संविधानाच्या २१ व्या कलमाने दिलेला जगण्याचा हक्क वादळाच्या दिवशी स्थगित होत नसतो.

घरच्या माणसाची काळजी आपण करणारच, ती कुणी सांगावी लागत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या लेकींनीही ती केली, फोन लागेनासा होईपर्यंत केली. त्यांच्या आयांना हवी होती एक बस, आणि ती पाठवणे हे त्या लेकींचे काम नव्हते.