मीटरपासून गाडीपर्यंत (लेखमाला : विजेवरची गाडी, लेखांक 5)

गेल्या आठवड्यातला बॅटरीवरचा लेख छापून आला आणि दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न येतोय : "घरी कुठला चार्जर बसवू?" काहींनी तर तीन-चार कंपन्यांची नावं किमतींसकट पाठवली आहेत.

आधी एक गैरसमज काढू. भिंतीवर टांगतात त्या डबीला सगळे चार्जर म्हणतात, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. घरातल्या एसी विजेची डीसी करून बॅटरीत भरण्याचं काम त्याचं. भिंतीवरची डबी म्हणजे शहाणा स्विच. तिच्या तारेच्या टोकाची गन गाडीला लावली की डबी एका बारीक तारेतून सेकंदाला हजार ठोके पाठवते आणि त्या ठोक्यांच्या लांबीतून सांगते, "माझ्याकडून इतकेच अँपिअर ओढ." ठोका निम्म्याहून जरा जास्त वेळ चालू राहिला तर 32 अँपिअर, पाव वेळेच्या आसपास राहिला तर 16. गाडीचा होकार येईपर्यंत डबी मुख्य तारांत वीज सोडतच नाही.

म्हणजे वेग ठरतो तो गाडीतल्या चार्जरवरून. 2020 च्या नेक्सॉन ईव्हीत तो 3.3 किलोवॅटचा होता, तिला 7.2 ची डबी लावा, ती 3.3 नेच भरणार. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 सारख्या गाडीसाठी 11.2 किलोवॅटची डबी मिळते, पण त्यासाठी घरी थ्री फेज पाहिजे. तेव्हा दुकानात जाण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा.

आता गरज किती? कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरा. युनिटला सात किलोमीटर आणि वाटेतली गळती मोजली, तर रोज साडेसहा युनिट. 15 अँपिअरच्या साध्या पॉइंटवर हे दोन तासांत भरतं. गाडी घरी बारा तास उभी असते. रोज नाशिक-कोल्हापूर करणाऱ्यांचं सोडा, पण ऑफिसला जाणाऱ्या पुणेकराने पहिल्याच दिवशी 7.2 ची डबी घ्यावी असं मला वाटत नाही. सिंगल फेजवर ती एकटी 32 अँपिअर खाते. सकाळी त्यात दोन किलोवॅटचा गिझर लागला की 41 झाले. घरचं मेन 40 चं असेल, तर आंघोळ अर्धवट राहू शकते.

मग "साधा पॉइंट" म्हणजे कसला? इथे मी स्वतः फसलोय. आमच्या पार्किंगच्या खांबावर गाड्या धुण्याच्या पंपासाठी कधीतरी बसवलेला एक जुना पॉइंट होता. हिवाळ्यात तोच वापरला. आठवड्याभरात प्लगच्या एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालं आणि हात लावला तर चटका. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र तासन्‌तास तितकाच प्रवाह ओढत राहते. सॉकेटची पकड जराशी ढिली असली की एवढ्या वेळात तिथे शेगडी पेटते.

नवा सॉकेट बसला. मग मे महिन्यात त्या प्लगच्या तारेवरच्या लहान डबीने लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारलं. वायरमन आला. त्याने होल्डरमध्ये शंभरचा बल्ब लावला, एक तार फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. (हा खेळ त्यानेच करावा, आपण नाही.) बल्ब पणतीसारखा मिणमिणला. "साहेब, अर्थिंग नावालाच आहे," तो म्हणाला आणि बोगनवेलीखालचा खड्डा शोधून त्यात दोन बादल्या पाणी ओतलं. बल्ब जरा उजळला. पुणं काळ्या बेसॉल्टवर बसलंय. त्या खडकातून वीज सहज जमिनीत मुरत नाही आणि वरचा मुरूम उन्हाळ्यात वाळतो. खड्ड्यात मीठ-कोळसा कधी भरला होता, कमिटीत कुणाला आठवेना. शेवटी नवं अर्थिंग करून घेतलं. अर्थिंगशिवाय वीज न सोडणाऱ्या त्या डबीबद्दल त्या दिवशी मला प्रथमच आदर वाटला.

तारेबद्दल मात्र हात आखडू नका. मीटर रूमपासून आमचं पार्किंग तारेच्या वाटेने 50 मीटर भरलं. 32 अँपिअरला सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची तार त्या अंतरात जवळजवळ दहा व्होल्ट गिळते आणि 300 वॅटची उष्णता भिंतीला देते. दहा स्क्वेअर एमएमची सहाच व्होल्ट गिळते. आज 15 चा पॉइंट बसवा, पण त्यामागे तार दहाची ओढा. उद्या मोठी डबी आली तर पाइप उकरायला नको. सोबत गळती ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, तोही 'ए' प्रकारचा. घरात सर्रास असणारा 'एसी' प्रकार डीसी गळतीपुढे आंधळा होतो. डबी घेताना सहा मिलिअँपिअर डीसी गळती ओळखते का, हे विचारा. ओळखत नसेल तर महागडा 'बी' प्रकार लागतो.

"आज तुम्हाला परवानगी दिली तर उद्या सगळे मागतील," पार्किंगमधल्या पॉइंटचं ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. मागणारच. चाळीस गाड्यांनी एकाच वेळी 7.2 ने ओढलं तर 288 किलोवॅट होतात, 3.3 ने ओढलं तर 132. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण ती भाराची काळजी होती, परवानगीची नव्हे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तेव्हापासून गाडीसाठी वेगळी वीजजोडणी मागता येते.

वेगळं मीटर घ्यावं का, हे बिल सांगेल. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. घरचा वापर 150 असेल आणि गाडीचे 170 मिळाले, तर 320. महागड्या टप्प्यात वीसच युनिट गेले, घरचंच मीटर बरं. घर आधीच 300 वर असेल, तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या दराने पडतं. तिथे गाडीसाठीचा वेगळा दर पाहावा. त्यात हे टप्पे नसतात, मात्र स्थिर आकार वेगळा भरावा लागतो.

रात्री वीज स्वस्त असते म्हणून कुणी टायमरवाली डबी गळ्यात मारत असेल, तर जरा थांबा. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने सवलत दिली ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत, सौर वीज भरपूर असते तेव्हा. त्या वेळी माझी गाडी हिंजवडीत उन्हात उभी असते. सवलत सध्या आमच्या वॉशिंग मशीनला मिळते.