यंत्रातला गर्भ आणि मराठवाड्यातली आई

लातूरच्या क्लासेसमध्ये बारावीच्या जीवशास्त्रातला प्रजनन आरोग्याचा धडा दरवर्षी हजारो मुले-मुली घोकतात. त्यात आमच्या वस्त्यांमधली, सालगड्याची, ऊसतोड्याची, वीटभट्टीवरच्या मजुराची मुलेही आहेत. आयव्हीएफ, झिफ्ट, गिफ्ट ही अक्षरे त्यांना तोंडपाठ असतात. क्लास सुटल्यावर याच लातूरच्या रस्त्यांवर आणि नांदेडच्या डॉक्टर लेनच्या आसपास 'टेस्ट ट्यूब बेबी' असे लिहिलेले फलक त्यांना दिसतात. आता त्यात आणखी एका शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे 'एक्टोजेनेसिस'. यापुढे यंत्रच मूल जन्माला घालणार, असे कोणी सांगतो. तर यात नवे काय, हे आमच्या महाभारतात होतेच, असे दुसरा सांगतो. शब्द एक आणि अर्थ दहा, अशी अवस्था आहे.

कोर्टात शब्दाची व्याख्या पक्की झाल्याशिवाय युक्तिवाद पुढे सरकत नाही. चळवळीतही तोच नियम पाळला पाहिजे. ज्यांच्या हाती शब्दांचे अर्थ असतात, त्यांच्याच हाती समाजाची मान असते, हे आम्ही हजारो वर्षे भोगले आहे. म्हणून आधी या शब्दाचा अर्थ पाहू, मग तो कोण कशासाठी वापरतो ते पाहू.

'एक्टोजेनेसिस' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'बाहेर' आणि 'उत्पत्ती' अशा अर्थांच्या दोन शब्दांवरून घडवला आहे. तो रूढ केला जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. १९२३ साली केंब्रिजमध्ये त्यांनी एक निबंध वाचला. 'डिडॅलस' या नावाने तो पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आला. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, १९६१ साली भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. म्हणजे हा शब्द देणारा माणूस शेवटी आपल्याच देशाचा नागरिक होता. शब्दाचा अर्थ सरळ आहे : गर्भाची वाढ आईच्या शरीराबाहेर, कृत्रिम व्यवस्थेत करणे. पूर्ण अर्थाने घ्यायचे तर फलनापासून जन्मापर्यंतचा सगळा काळ गर्भाशयाबाहेर जायला हवा.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. टेस्ट ट्यूब बेबीमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन काचेच्या उथळ बशीत घडवतात. तीन ते सहा दिवसांनी तो भ्रूण गर्भाशयात सोडतात. पुढचे नऊ महिने बाईच वाहते. म्हणजे बाहेर झाले ते फलन. धारणा आतच झाली. मराठीत आपण दोन्हीला 'गर्भधारणा' म्हणून मोकळे होतो, तिथे गोंधळाची सुरुवात होते. दुसरी गोष्ट सरोगसीची. तिथेही गर्भ यंत्रात वाढत नाही, तो दुसऱ्या बाईच्या पोटात वाढतो. तिसरी गोष्ट 'एक्टोपिक' गर्भाची. आमच्या आयाबाया त्याला 'नळीत गर्भ राहिला' म्हणतात. ही नळी काचेची नव्हे, बाईच्या शरीरातली गर्भनलिका. हा जीवघेणा आजार आहे. त्याचा एक्टोजेनेसिसशी काडीचा संबंध नाही. नाव तेवढे सारखे वाटते.

मग खरा एक्टोजेनेसिस कुठवर आला आहे? दोन टोकांकडून काम चालू आहे. २०२१ साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उंदराचे भ्रूण फिरत्या बाटल्यांत अकराव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंत वाढवले. उंदराचा गर्भकाळ साधारण वीस दिवसांचा असतो. दुसऱ्या टोकाला, २०१७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात मेंढीची अपुऱ्या दिवसांची कोकरे द्रवाने भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत जगवली गेली. नाळेतून रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत सोडण्याची सोय तिथे होती आणि रक्त फिरवण्याचे काम कोकराचे हृदयच करत होते. परंतु ही कोकरे आधी मेंढीच्या पोटातच वाढली होती. मधला मोठा काळ कोणत्याही यंत्राला साधलेला नाही. फलनापासून जन्मापर्यंत यंत्रात वाढलेले एकही मानवी मूल आजपर्यंत या जगात आलेले नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे तर मानवी भ्रूण प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवायलाच बंदी आहे.

एवढे समजले की दुसऱ्या दाव्याचा समाचार घेणे सोपे जाते. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी मुलांसमोर सांगितले की, कौरव हे टेस्ट ट्यूब बेबीच होते. गांधारीच्या मांसगोळ्याचे तुकडे तुपाच्या घड्यांत ठेवल्याची ती कथा. आयोजकांनी या वक्तव्यापासून हात झटकले, पण बोलायला व्यासपीठ मिळालेच! कथा ही कथा असते. तिला कोणी कथा म्हणून वाचले तर आमची हरकत नाही. पण घड्यात प्राणवायू कसा पोहोचला, अन्न कसे पोहोचले, हे विचारायचे नाही आणि कुलगुरू म्हणतात म्हणून मान डोलवायची, हे विज्ञान नव्हे. ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असे कालामांना सांगणारे तथागत आमचे मार्गदाते आहेत.

आणि ज्या देशात पुराणातल्या घड्याला हा मान मिळतो, त्याच देशाने खऱ्या शास्त्रज्ञाचे काय केले? जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मले. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच करून दाखवले. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांना अपमानित केले. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेले बाळ देशातले पहिले म्हणून नोंदले गेले. मुखोपाध्यायांचे श्रेय मान्य व्हायला त्यानंतरही कित्येक वर्षे जावी लागली. प्रयोग करणारा मरतो आणि पोथी वाचणारा कुलगुरू होतो, हे या व्यवस्थेचे खरे रूप आहे.

आमची सावधगिरी मात्र केवळ पोथीवाल्यांपुरती नाही. हाल्डेन यांच्या निबंधातही एक धोका दडलेला होता. त्यांच्या कल्पनेतल्या भविष्यात प्रत्येक पिढीचे आईबाप होण्यासाठी थोड्याच 'श्रेष्ठ' स्त्री-पुरुषांची निवड होते. पुढे १९३२ साली अल्डस हक्सले यांनी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीत ते टोकाला नेऊन दाखवले. तिथे मुले बाटल्यांत वाढतात आणि बाटलीतच ठरते की कोण हुकूम सोडणार आणि कोण ओझी वाहणार. युरोपीय वाचकाला ते भयंकर भविष्य वाटले. आम्हाला त्यात नवल काय? जन्माआधीच माणसाचे काम आणि पायरी ठरवणारा कारखाना या देशात मनूच्या काळापासून चालू आहे. त्याला काचेच्या बाटलीचीही गरज पडली नाही. जातिव्यवस्था म्हणजे सुप्रजननाचे शास्त्र आहे, असे म्हणणारे विद्वान बाबासाहेबांच्या काळातही होते. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात त्यांनी या युक्तिवादाच्या चिंधड्या उडवल्या. उद्या यंत्रातला गर्भ आलाच, तर कोणाचे बीज निवडायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.

तंत्रज्ञान आपल्या समाजात रिकाम्या हाताने येत नाही, ते इथली जात आणि पुरुषसत्ता बरोबर घेऊन येते. गर्भाची तपासणी करण्याचे तंत्र आले आणि त्याचा उपयोग मुली मारण्यासाठी झाला. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७.

आणि याच बीडमध्ये गर्भाशयाचे काय झाले? शुलामिथ फायरस्टोन या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने १९७० साली मांडले होते की, गर्भ वाहण्याचे ओझे यंत्राने उचलले तर स्त्री मुक्त होईल. मराठवाड्यातल्या ऊसतोड बाईला गर्भाशयापासून 'मुक्ती' मिळाली ती निराळ्याच रीतीने. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना पाणी. त्यातून होणारे आजार घेऊन बाई खासगी दवाखान्यात गेली की 'पिशवी काढून टाका' हा सल्ला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा बायांमागे एक! या बाया दलित आहेत, बंजारा आहेत, वंजारी आहेत, भटक्या-विमुक्त आहेत. जगातल्या प्रयोगशाळा कृत्रिम गर्भाशय बनवण्यासाठी कोट्यवधी खर्च करतात आणि इथे जिवंत गर्भाशयाची किंमत एका खाड्याइतकी!

आता नांदेडकडे वळू. एक्टोजेनेसिसचा एक अर्धामुर्धा अवतार आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळ 'काचेच्या पेटीत ठेवलंय' असे आपण म्हणतो, ती पेटी. आईच्या पोटाने दिली असती ती ऊब आणि ते संरक्षण ती पेटी देते. पिशवीतल्या कोकरांचा प्रयोगही मुळात अशा बाळांना वाचवण्यासाठीच झाला. १९ आणि २० सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची सल्लागार समिती हे तंत्र मानवी बाळांवर वापरून पाहायचे का, यावर विचार करायला बसली होती. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत, नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांतली १२ नवजात बाळे होती. तिकडे पेटीच्या पुढचे यंत्र शोधत होते. इकडे पेटीतले मूल जगत नव्हते.

औषधांचा तुटवडा नव्हता, रुग्ण शेवटच्या अवस्थेत आले, असे प्रशासन म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी काय घडले? त्या वेळचे हिंगोलीचे खासदार रुग्णालयात आले आणि त्यांनी आदिवासी समाजातून आलेल्या अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावले. याबद्दल अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. प्रश्न खाटांचा, परिचारिकांचा, रिक्त पदांचा, औषध खरेदीचा होता. उत्तर म्हणून अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला गेला. मनुवाद किती खोल मुरला आहे, याचा आणखी पुरावा काय हवा?

बाबासाहेबांची भूमिका या सगळ्याच्या नेमकी उलट होती. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी ठामपणे त्याची बाजू घेतली. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तो भार सरकारने उचलावा आणि तिच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकानेही उचलावा, असे त्यांनी मांडले. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना खाणीत राबणाऱ्या स्त्रियांपर्यंत त्यांनी हा विचार नेला. गर्भ वाहणे हे श्रम आहेत आणि त्या श्रमांची जबाबदारी समाजाची आहे, हा त्याचा अर्थ. कोयत्यावरच्या बाईपर्यंत ती पगारी विश्रांती आजही पोहोचलेली नाही.

कायद्याची आजची स्थितीही समजून घ्यावी. २०२१ च्या सरोगसी कायद्याने पैसे घेऊन गर्भ वाहण्याला बंदी घातली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. दोन्ही कायदे गर्भ बाईच्याच पोटात वाढणार असे धरून चालतात. यंत्रात वाढलेल्या मुलाची आई कोण, त्या यंत्राचा मालक कोण, बिघाड झाला तर जबाबदार कोण, यावर आपला कायदा अजून काही बोलत नाही. तो बोलायला लागेल तेव्हा आपली माणसे तिथे हवीत.

म्हणून लातुरात शिकणाऱ्या आमच्या मुला-मुलींना आमचे सांगणे आहे : शब्द केवळ परीक्षेपुरता पाठ करू नका, त्याचा अर्थ वस्तीवर घेऊन जा. टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे काय आणि काय नाही, पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला का घ्यायचा, हे आपल्या आया-बहिणींना समजावून सांगा. आणि कार्यकर्त्यांनी नांदेड व लातूरच्या शासकीय रुग्णालयांत नवजात बाळांसाठी किती पेट्या आहेत, त्यातल्या किती चालू आहेत, परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत, हे माहिती अधिकारात मागावे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करावे. ते उत्तर हाती आले की पुढचा मोर्चा कुठे न्यायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.

जय भीम!